साउंड घुमतो तेव्हा

मैत्रिणींनो, श्रावणात कानबाई बसली की आपल्या खान्देशात घरोघरी साउंड लागतो. गाणं बंद केलं तरी ‘घूंऽऽ’ चालूच. घरातली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, तिचीच ही घरघर. आम्ही गटात आधी आवाज कमी करून ॲम्प्लिफायरमधली मोबाईलची पिन उपसतो. घरघर थांबली, तर दोष त्या वायरीत नाहीतर चार्जरमध्ये. चार्जर काढा, वायर विजेच्या वायरीपासून लांब घ्या. टीव्ही जोडला असेल तर दोन्ही एकाच बोर्डावर लावा.

अर्थिंगची तिसरी, जाड पिन मात्र कुणाला तोडू देऊ नका. असा सल्ला देणारा गावात एखादा असतोच! कधी घरघर थांबतेही. पण मशीनच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती हात लावणारीच्या अंगातून जमिनीत जाते.