सशाची तहान: नसबंदीनंतर वाटीतलं पाणी काय सांगतं?

दोन किलो वजनाचा पाळीव ससा दिवसभरात साधारण 100 ते 300 मिलिलिटर पाणी पितो. मुठीएवढ्या पोटाच्या या प्राण्याला वजनाच्या मानानं कुत्र्यामांजरांपेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं. आवाज न करणारा, दुखलं तरी ते लपवणारा हा जीव आपल्या शरीराची बरीचशी हकीकत पाण्याच्या वाटीतून सांगत असतो. सशाची नसबंदी होते तेव्हा ही हकीकत वाचता येणं फार मोलाचं ठरतं.

नसबंदी करून आणलेला ससा पहिल्या दिवशी वाटीकडे फिरकत नाही आणि घरातले घाबरतात. दोन-तीन दिवसांनी तो पूर्वीसारखा पिऊ लागतो. काही आठवड्यांनी कोपऱ्यातली ओल कमी झालेली दिसते आणि शंका येते की याची तहानच मेली की काय. परभणीसारख्या गावात ही शंका साधी नसते. इथे मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो, आणि अशा उन्हात सशाच्या पोटात पाणी गेलं नाही तर परिस्थिती काही तासांत बिघडू शकते.

बैलाचं खच्चीकरण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवं नाही. सशाची नसबंदी मात्र वेगळ्या कारणांसाठी होते. वयात आलेला नर घरभर लघवीचे फवारे मारतो आणि दुसऱ्या नराशी रक्त निघेपर्यंत भांडतो. मादीच्या बाबतीत कारण अधिक गंभीर आहे. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. नराचे वृषण काढले जातात, मादीचे बीजकोष आणि बहुधा गर्भाशयही. तहान ओळखणारं केंद्र मात्र मेंदूत असतं. रक्त घट्ट झालं, त्यातले क्षार वाढले की ते जागं होतं. शस्त्रक्रियेत त्याला कुणी हात लावत नाही. मग वाटीतलं पाणी का बदलतं?

उत्तर सशाच्या पोटात आहे. ससा तहान लागली म्हणून पितो, त्याहून जास्त तो खातो म्हणून पितो. वाळलेलं गवत हे त्याचं खरं अन्न. या गवतातला चोथा आतड्यातून सरकत राहायचा तर तो ओला राहावा लागतो. त्यासाठी शरीर आतड्यात सतत पाणी सोडतं आणि पुढे त्यातलं बरंचसं परत शोषून घेतं. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये सशांना वेगवेगळे आहार देऊन पाहिले. नुसत्या वाळलेल्या गवतावर असलेले ससे सर्वांत जास्त पाणी प्यायले. म्हणजे गवताची जुडी वाढली की वाटी लवकर रिकामी होते, आणि जुडी तशीच राहिली की वाटीही भरलेली राहते.

याहून थक्क करणारी गोष्ट सिझेक या शास्त्रज्ञानं 1961 मध्ये नोंदवली. त्यांनी सशांचं खाणं बंद केलं आणि पाणी समोर ठेवलं. खाणं थांबल्यावर पिणंही घटायला हवं होतं, पण झालं उलटं. उपाशी ससे नेहमीपेक्षा खूपच जास्त पाणी पिऊ लागले. उपवासात त्यांच्या शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जात होतं आणि तहानेचा तोलच ढळत होता. पाणी तोडलं तर मात्र ससा हळूहळू खाणंही सोडतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर ‘पाणी तर भरपूर पितोय’ एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. तो गवत खातोय का आणि लेंड्या टाकतोय का, हे सोबत पाहिल्याशिवाय वाटीचा अर्थ लागत नाही.

आता शस्त्रक्रियेचा दिवस पाहू. सशाला उलटी करता येत नाही. त्यामुळे माणसाला भूल देण्याआधी ठेवतात तसं त्याला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत, आणि शुद्धीवर आल्यावर शक्य तितक्या लवकर खायला देतात. शस्त्रक्रियेच्या वेळी अनेकदा शिरेतून किंवा कातडीखालून सलाइन दिलेलं असतं. त्या दिवशी वाटी भरलेली दिसली तर काही पाणी आधीच अंगात गेलेलं असतं. भुलीची गुंगी असते. टाके दुखत असतात आणि दुखणाऱ्या सशाचं आतडं मंदावतं. आतडं मंदावलं की भूक जाते, आणि नुसत्या उपाशी सशाहून वेगळं, दुखणाऱ्या सशाचं भुकेमागोमाग पिणंही जाऊ शकतं. म्हणूनच डॉक्टर वेदनाशामक देतात. ते औषध सशाला पुन्हा खाण्याकडे आणि पर्यायानं पाण्याकडे वळवतं. अंगात पाणी कमी असताना यातली काही औषधं मूत्रपिंडाला जड जातात, त्यामुळे माणसाची गोळी घरच्या घरी कधीही देऊ नये.

टाके चाटू नयेत म्हणून कधी कधी गळ्यात कॉलर बांधतात. ती कडेला अडकते आणि ससा वाटीपर्यंत तोंड नेऊ शकत नाही. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराजवळून खातो. आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेली पोषकं आणि बराच ओलावा त्यातून त्याला परत मिळतो. कॉलरमुळे तोही मार्ग बंद होतो. पिणं घटण्याचं कारण तेव्हा भांड्याच्या उंचीत आणि कॉलरच्या रुंदीत सापडू शकतं.

भांड्याचंही शास्त्र आहे. ज्यूरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये उघडं भांडं आणि चोखायची बाटली यांची तुलना केली. उघड्या भांड्यातून ससे जास्त पाणी प्यायले, आणि दोन्ही समोर असताना त्यांनी उघडं भांडंच पसंत केलं. परभणीच्या उन्हाळ्यासाठी जड, उथळ मातीचं परळ याहून चांगलं काय असणार? ते उलटत नाही, कॉलर असली तरी तोंड पोचतं, आणि झिरपणाऱ्या मातीमुळे पाणीही गार राहतं. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणंही त्याला नीट जमत नाही. त्याचे मोठे कान रक्तवाहिन्या फुगवून उष्णता बाहेर टाकतात. पण हवाच अंगाहून तापली की कानांचा हा उपायही थिटा पडतो. साधारण 28-30 अंशांच्या वर सशाला त्रास होऊ लागतो. त्यामुळे शक्य असेल तर नसबंदी मे महिन्यात करू नये. करावी लागलीच तर ससा सावलीत, वारा खेळणाऱ्या जागी ठेवावा.

पाण्याशी सशाचं आणखी एक नातं आहे, ते कॅल्शियमचं. बहुतेक सस्तन प्राणी आहारातलं कॅल्शियम गरजेपुरतं शोषतात आणि लघवीवाटे त्यातलं दोन टक्क्यांहूनही कमी बाहेर टाकतात. ससा मात्र मिळेल तितकं कॅल्शियम शोषून घेतो, आणि मग त्यातलं सुमारे 45 ते 60 टक्के लघवीतून टाकतो. वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढणाऱ्या त्याच्या पुढच्या दातांना कॅल्शियम सतत लागत असतं. उरलेलं कॅल्शियम लघवीत पांढुरकं, गढूळ दिसतं. पाणी पुरेसं गेलं तर ते वाहून जातं, पिणं कमी पडलं तर मूत्राशयात चुन्यासारखा गाळ साचतो. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. शस्त्रक्रियेनंतर ससा थोडं पिऊन लसूणघासच खात राहिला तर हा धोका वाढतो. मारवेल किंवा पवन्यासारखं वाळलेलं गवत मुख्य ठेवावं, आणि कोथिंबीर, मेथी धुऊन ओलीच द्यावी. पानांवरचं पाणीही पोटात जातं. कोवळी ज्वारी मात्र देऊ नये, तिच्यात विष असू शकतं.

काही आठवड्यांनंतरचा बदल वेगळा असतो. नरातलं संप्रेरक ओसरू लागतं आणि फवारे कमी होतात. ओल कमी दिसते म्हणजे पाणी कमी पितो असं नाही, लघवी आता एकाच जागी होत असते. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे मादीला गाभण करू शकतो, म्हणून त्याला चार ते सहा आठवडे मादीपासून दूर ठेवावं. खोट्या गर्भारपणात मादी केस उपटून घरटं बांधते आणि तिचं खाणंपिणं विस्कळीत होतं, तेही नसबंदीनंतर थांबतं. नसबंदीनंतर शरीराला ऊर्जा कमी लागते, म्हणून वजन वाढू नये यासाठी दाणेदार खाद्य घटवून गवत वाढवतात. ससा त्यामुळे पाणी आधीपेक्षा जास्त पिऊ लागला तर ते निरोगी आतड्याचं लक्षण आहे. आहार बदललेला नसताना पिणं दुप्पट झालं आणि तसंच टिकलं, तर मात्र मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

हे सगळं ओळखायचं तर नसबंदीच्या आठवडाभर आधीपासून पाणी मोजायला हवं. मोजून 300 मिलिलिटर भरा आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. परभणीच्या कोरड्या उन्हात वाटीतलं बरंच पाणी नुसतंच उडून जातं, म्हणून सशाच्या आवाक्याबाहेर तशीच दुसरी वाटी ठेवा. तिच्यातून जितकं उडालं, तितकं पहिल्या वाटीच्या घटीतून वजा करा. उरेल तो आकडा सशानं प्यायलेल्या पाण्याचा.

परभणीत 1972 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि इथे पशुवैद्यकांच्या पिढ्या घडल्या आहेत. तुमच्या सशाला कुणाकडेही न्या, पण जाताना आठवडाभराच्या नोंदी सोबत असू द्या. नसबंदीनंतर बारा तास ससा काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर वाटीत कितीही पाणी घटलेलं दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.