टायगरला घेऊन प्रकाशाला

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र सगळ्या हॉस्टेलच्या जिव्हाळ्याचा आहे: मेसच्या मागच्या दारात झोपणारा आपला टायगर.

शहाद्याच्या बाजूला रविवारी पायी भटकायला प्रकाशासारखी जागा नाही. तापी-गोमाईचा संगम, काठावर केदारेश्वराचं मंदिर आणि गावालगत मातीचं उंच टेकाड. टेकाडावर बघण्यासारखं काय, असं आम्हालाही वाटलं होतं. पण १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथे खोदकाम केलं तेव्हा तळाशी ताम्रपाषाण काळातली, म्हणजे अंदाजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. रंगवलेली मडकी, दगडाची बारीक पाती. त्यावर लोखंड वापरणाऱ्यांचा थर, त्याच्याही वर आणखी. सिव्हिलवाल्यांनी बोअर लॉग आठवावा. म्हणून तिथलं खापर खिशात टाकू नका, कारण थरातून सुटलं की त्याची अर्धी माहिती गेली. कुत्र्यालाही उकरू देऊ नका. टायगरने सुरुवात केलीच होती!

आता आमचा गाढवपणा. मार्चअखेर, छोटा हत्तीतून पोहोचलो तेव्हाच दहा वाजलेले. बारापर्यंत नदीकाठी हिंडलो आणि टायगर मधेच बसला. जीभ बाहेर, लाळ घट्ट, उठायला तयार नाही. "नाटक करतोय," म्हणून आम्ही हसलो. केळीच्या शेतातले एक काका धावत आले. "भाऊ, आधी त्याले पानी पाज!"

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करून तो अंग थंड ठेवतो. थोडक्यात, त्याचा रेडिएटर फारच लहान, आणि हवा तापलेली असली की तोही पुरत नाही. काकांनी त्याला सावलीत ओढलं, पोटावर, पायांवर पाणी ओतत राहिले. आम्ही वहीने वारा घातला. अर्ध्या तासाने शेपटी हलली. तोवर कोणी बोललं नाही. नसती हलली तर थेट जनावरांच्या डॉक्टरांकडेच न्यायला हवं होतं.

तर हिवाळ्यातच जा, उजाडताच निघा, दहाच्या आत परत फिरा. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. प्रकाशाला तापीवर बॅरेज आहे. दारं उघडली की खाली पाणी झपाट्याने चढतं, तेव्हा तिथे पोहायला सोडू नका. गावात दोरी हवीच, गावची कुत्री पाहुण्याला सोडत नाहीत. रेबीजची लस दरवर्षी द्यायची (वर्गणी काढू, एका वडापावाचा तर प्रश्न). आणि कुठलंही कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. हळद-मिरची काही लावू नका, रेबीज झाल्यावर औषध नाही.

पुढची ट्रिप डिसेंबरात. टायगरची पाण्याची कॅन मी उचलणार, आधीच सांगून ठेवतो.