व्हिडिओ गेम ओळखा, पण कोड्यातून

‘जितके खाई तितका लांबे, भूक मात्र भागेना, स्वतःच्याच शेपटीला लागला की संपला.’ सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यात हे कोडे घातले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी शेतातला खराखुरा साप येणे स्वाभाविक आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील हे गाव अंबाबरवा अभयारण्याच्या परिसरात आहे. पण खरा साप शेपटीला लागून मरत नाही, हे ध्यानात आले की उत्तर शेतातून थेट खिशात येते. नोकियाच्या ६११० या फोनवर १९९७ मध्ये आलेला ‘स्नेक’, म्हणजेच घरोघरी खेळला गेलेला ‘सापाचा गेम’!

गूढ संकेतांवरून व्हिडिओ गेम ओळखण्याचा खेळ नवा वाटला, तरी त्याची रीत मराठी माणसाला अपरिचित नाही. कोडे, उखाणा, हुमाण अशा नावांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वस्तूचे नाव घ्यायचे नाही, खोटे बोलायचे नाही आणि तरीही ऐकणाऱ्याला भलत्याच वाटेला लावायचे, एवढेच तिचे शास्त्र. गेमला ही रीत विशेष मानवते, कारण गेममधील नियम शब्दशः सांगितले तरी ते विचित्रच वाटतात. ‘ओळ पुरी झाली की नाहीशी होते, अपुरी राहिली की डोक्यावर बसते’ हे ‘टेट्रिस’चे यथातथ्य वर्णन आहे. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये रचलेल्या या खेळात प्रत्येकी चार चौकोनांचे सात आकार वरून पडत राहतात; त्यात अलंकार घालण्याची गरजच नाही.

दुसरी तऱ्हा जवळचे उत्तर आधीच नाकारण्याची. ‘कधी भुतांपुढे पळतो, कधी भुतांना पळवतो, मांत्रिक नव्हे.’ काव्यशास्त्रातील अपन्हुतीची आठवण करून देणारी ही रचना. उत्तर, १९८० चा जपानी ‘पॅकमॅन’. त्यातील चार भुते एरवी नायकाचा पाठलाग करतात, पण त्याने मोठी गोळी गिळली की काही क्षण तीच पळ काढतात.

तिसरी तऱ्हा शब्दांच्या फोडीची. इंग्रजी वृत्तपत्रांतील गूढ शब्दकोड्यांत ती मुरलेली आहे : संकेताच्या एका भागात अर्थ, दुसऱ्या भागात शब्दाचे तुकडे. ‘टोला देई, हाकेला उत्तर देई, नळवाला असून नळातच शिरे.’ टोला देई म्हणजे ‘मारी’, हाकेचे उत्तर ‘ओ’. ह्रस्व-दीर्घाची सूट घेतली की ‘मारिओ’ हाती येतो. इंग्रजीत अक्षरांची उलटापालट करणे सोपे जाते. देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरे अक्षराला चिकटलेली असल्याने ‘टेट्रिस’सारख्या नावाशी असा खेळ करता येत नाही. श्लेष मात्र मराठीत भरपूर. ‘नाराज नाही ती, भावाला शोधायला निघाली, हाती देवीचा त्रिशूळ’ या कोड्याचे उत्तर ‘राजी’. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने घडवलेला हा गेम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची नायिका राजी, धाकट्या गोलूला सोडवण्यासाठी असुरांशी लढते.

खरा प्रश्न न्यायाचा आहे. ‘१९८५, निन्तेन्दो, आठ जगे’ हा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा संकेत म्हणून दिला जातो, पण ती परीक्षेतील रिकामी जागा झाली. ज्याच्या घरी टीव्हीला जोडायचे यंत्र आणि गेमच्या कॅसेटी होत्या, त्यालाच ती भरता येईल. ग्रामीण भागात अनेकांची गेमशी पहिली ओळख मोबाइलवर झाली. त्यांना असा संकेत गूढ वाटत नाही, तो केवळ परका राहतो. उत्तर कळल्यावर ‘अरे, हे तर सुचायला हवे होते’ असे वाटले पाहिजे. ‘हे आम्हाला कसे ठाऊक असणार?’ असे वाटले, तर दोष कोडे घालणाऱ्याचा.

याउलट ‘शंभर उतरती आभाळातून रिकाम्या हातांनी, कुंपण आवळे, शेवटी उरे एक’ हे कोडे पुण्यात घाला की सोनाळ्यात, मोबाइल हाताळणाऱ्या पोराला ‘पब्जी’ म्हणायला वेळ लागणार नाही. भारतात सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला. कोड्यातील शंभर जण, आभाळ आणि आवळते कुंपण मात्र नाव बदलल्यावरही तेच राहिले.