परक्याचें भय आणि मतपेटी

बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध प्रचार करणाऱ्या पक्षांना युरोपांत मतें कां मिळतात, या प्रश्नाचें सोपें उत्तर असें दिलें जातें कीं, परके फार झाले म्हणजे स्थानिक लोक बिथरतात. हें उत्तर अपुरें आहे. २०१५ सालीं जर्मनींत सुमारें ८ लक्ष ९० हजार निर्वासित आले. 'जर्मनीसाठीं पर्याय' या नांवाचा उजवा पक्ष २०१७ सालीं १२.६ टक्के मतें मिळवून प्रथमच संसदेंत आला व २०२५ सालीं २०.८ टक्क्यांवर पोंचला. परंतु त्याचें अधिक बळ पूर्व जर्मनींत आहे, आणि परदेशी नागरिकांचें प्रमाण तेथें पश्चिमेपेक्षां कमी आहे! १९९० च्या एकीकरणानंतर पूर्वेकडील अनेक कारखाने बंद पडले, तरुण माणसें पश्चिमेकडे गेलीं, आणि मागें राहिलेल्यांस आपली उपेक्षा झाली असें वाटूं लागलें. धर्म, पेहराव, गुन्ह्यांच्या वार्ता यांमुळें भीति वाढते हें खरें. पण तिचें मूळ बहुधा आधींच रुजलेलें असतें.

महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाहीं. १९६१ च्या सुमारास मुंबईंत मराठी भाषिक निम्म्यांहून कमी होते, आणि गुजराती भाषिकांची संख्या दाक्षिणात्यांहून पुष्कळच अधिक होती. तरीहि रोष ओढवला तो दाक्षिणात्यांवर. गुजराती समाजाचा भर व्यापारावर होता. दाक्षिणात्य तरुण मात्र इंग्रजी, टंकलेखन व लघुलेखन शिकून कचेऱ्यांत शिरत होते, आणि मॅट्रिक झालेल्या मराठी मुलाची नजर त्याच खुर्चीवर होती. 'मार्मिक' साप्ताहिकानें अमराठी अधिकाऱ्यांच्या नांवांच्या याद्या छापल्या. १९६६ सालीं शिवसेना स्थापन झाली आणि १९६८ च्या महापालिका निवडणुकींत तिला १४० पैकीं ४२ जागा मिळाल्या.

नागपूरचें उदाहरण याहूनहि बोधप्रद आहे. १९५६ पर्यंत हें शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतें. हिंदी व मराठी येथें शेजारीं नांदत होत्या. फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित जरीपटक्यांत वसले. असें असतां, संयुक्त महाराष्ट्राच्या वाटाघाटींत वैदर्भी पुढाऱ्यांना धास्ती वाटली ती मराठीच बोलणाऱ्या पश्चिम महाराष्ट्राच्या वर्चस्वाची. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारांत सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटा देण्याचें आश्वासन आलें. पुढें घटनेच्या ३७१ व्या कलमांत नोकरीच्या पुरेशा संधीची तरतूद झाली. आश्वासन पुरतें पाळलें गेलें नाहीं, ही तक्रार विदर्भांत अद्यापि आहे. परंतु त्या तक्रारीचा रोख करार करणाऱ्यांवर राहिला, शेजारच्या बिऱ्हाडावर नव्हे.

परका कोण, हें केवळ भाषेवरून वा धर्मावरून ठरत नाहीं. आपल्या मुलाच्या वांट्याची भाकरी जो नेईल असें वाटतें, तो परका ठरतो. ही भीति रास्त असो वा अतिरंजित, तिचें निवारण राज्यकर्त्यांनीं न केल्यास दुसरा कोणी तिला शत्रूचें नांव पुरवितो. युरोपांतील निकाल वाचतांना तेथें परके किती आले याबरोबरच तेथील माणसांनीं काय गमावलें, हेंहि पाहिलें पाहिजे.