माणशी पाच रुपये

मादन हिप्परगा हे गाव कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातलं. पण खासदार निवडायची वेळ आली की इथला मतदार बिदरचा होतो, कारण आळंद विधानसभा क्षेत्र बिदर लोकसभेला जोडलेलं आहे. तालुक्याची शीव ओलांडली की एकीकडे अक्कलकोट, म्हणजे सोलापूर मतदारसंघ, आणि दुसरीकडे उमरगा, म्हणजे धाराशिव. 2024 मध्ये या तिन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी, 7 मे रोजी, मतदान झालं. राज्यं दोन, पण उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा शिवेच्या अल्याड-पल्याड सारखीच: 95 लाख रुपये.

आकडा मोठा वाटतो ना? बिदर लोकसभेत मतदार होते जवळपास 19 लाख. भागाकार करून बघा. माणशी पाच रुपये! एवढ्यात आठ विधानसभा क्षेत्रं फिरायची, मंडप घालायचे, जीपगाड्या पळवायच्या आणि कानडी-मराठी दोन्ही भाषांत पत्रकं छापायची.

या पाच रुपयांवर निवडणूक आयोगाची नजर किती बारीक असते, हे पाहून थक्क व्हायला होतं. उमेदवाराला अर्ज भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. त्याला मिळणाऱ्या नोंदवहीत तीन रंगांची पानं असतात: रोजच्या खर्चाची पांढरी, रोकडीची गुलाबी, बँकेच्या व्यवहाराची पिवळी. जिल्हा निवडणूक अधिकारी चहा, नाश्ता, खुर्ची, लाउडस्पीकर अशा वस्तूंचं दरपत्रकच काढतात. खुर्च्या मित्राने फुकट दिल्या, असं सांगून सुटका नाही. त्यांचं भाडं हिशोबात चढतंच. सभेला आयोगाचं व्हिडिओ पथक हजर असतं. दुसरं पथक ते चित्रीकरण बघत बसतं आणि खुर्च्या, गाड्या, फलक मोजतं. त्यावरून उमेदवाराच्या वहीला समांतर अशी एक वही अधिकारी स्वतः लिहितात. तिला शॅडो रजिस्टर म्हणतात. प्रचाराच्या काळात किमान तीनदा दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडल्या जातात.

खरी गंमत स्टार प्रचारकांची. मोठा नेता विमानाने, हेलिकॉप्टरने आला तर त्याचा प्रवासखर्च पक्षाच्या नावावर जातो. पण उमेदवार त्याच्याबरोबर हेलिकॉप्टरमध्ये बसला, की निम्मं भाडं उमेदवाराच्या खात्यावर! सभेतही तसंच. उमेदवार व्यासपीठावर चढला किंवा फलकावर त्याचा फोटो झळकला, की सभेचा खर्च त्याचा. तो खाली राहिला आणि नेता नुसता पक्षाबद्दल बोलला, तर खर्च पक्षाचा. चार पायऱ्यांवर लाखो रुपये या वहीतून त्या वहीत जातात.

आणि पक्षाच्या वहीला मर्यादा किती? काहीच नाही. उमेदवाराचा चहा मोजणारा कायदा पक्षाला हवे तेवढे कोटी खर्चू देतो. यामागे एक इतिहास आहे. ऑक्टोबर 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरला पाहिजे. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून हा निकाल निष्प्रभ केला. 2003 मध्ये कायदा थोडा आवळला, पण पक्षाच्या एकूण खर्चाला झाकण बसलं नाही ते आजतागायत.

मग वही खरी आहे की नाही, हे तरी आयोगाने तपासावं का? हा प्रश्न शेजारच्या नांदेड जिल्ह्यातून दिल्लीला गेला. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत भोकरमधून जिंकलेल्या अशोक चव्हाणांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च 5,379 रुपये दाखवला होता. प्रतिस्पर्धी माधवराव किन्हाळकरांनी पेड न्यूजची, म्हणजे पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याची, तक्रार केली. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, हिशोब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. पुढे आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. अधिकाराचं तत्त्व मात्र टिकलं, आणि माझ्या मते या प्रकरणातली मोठी गोष्ट तीच.

पक्षाकडे पैसा येतो कुठून, हा प्रश्न त्याहून जुना. 1957 मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या नियमावलीत बदल करायचा होता. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्याने परवानगी दिली, पण अशा देणग्यांनी लोकशाहीला धोका होईल, असा इशाराही त्याच निकालात दिला. 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. 2018 मध्ये पक्षांना देणगी देण्यासाठी विकत घ्यायचे निवडणूक रोखे आले. रोख्यावर घेणाऱ्याचं नाव नसायचं, पण अतिनील प्रकाशात दिसणारा एक क्रमांक छापलेला असायचा. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली, आणि पुढच्याच महिन्यात त्या क्रमांकांवरून कुणाचे पैसे कुठल्या पक्षाला गेले, हे देशाने जुळवून पाहिलं. तोवर 16,518 कोटींचे रोखे विकले गेले होते.

20,000 रुपयांपर्यंतच्या देणग्यांची नावं जाहीर करण्याचं बंधन पक्षांवर आजही नाही. उमेदवाराची वही मात्र तुम्हाला बघता येते. निकालानंतर 30 दिवसांत ती जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जमा होते, आणि 1961 च्या निवडणूक नियमांनुसार एक रुपया भरून कुणीही ती तपासू शकतं. पुढच्या निवडणुकीनंतर तो रुपया जरूर भरा, आणि तुमच्या गावातल्या सभेच्या खुर्च्या त्यात किती लिहिल्यात ते स्वतः मोजा.