‘येथे कचरा टाकू नये’ : एका सूचनेचे व्याकरण

‘येथे कचरा टाकू नये’ हे वाक्य आपण भिंतींवर नित्य वाचतो. त्यातील कर्ता अध्याहृत असल्याने सूचना इतर कोणासाठी तरी आहे, असे प्रत्येकास वाटते. ‘टाकल्यास दंड होईल’ या वाक्यात परिणाम येतो. कर्ता मात्र तेथेही नसतो. शिवाय ‘मग कोठे टाकावा?’ हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम स्वीकारले. दारी येणारी कचरावेचक हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. तिलाच आपण ‘कचरेवाली’ म्हणतो. वस्तुतः कचरा करणारा, म्हणजेच त्या वाक्यातील अध्याहृत कर्ता, आपण स्वतः असतो.