गोचीड ताप आणि रक्ताचा ऱ्हास

आपल्या निमाडात ज्यांच्या दारी गाय, म्हैस किंवा बैलजोडी आहे, त्यांना गोचीड ताप नवा नाही. जनावर चारा सोडते, अंग तापते, खांद्यापुढची गाठ सुजते आणि थोड्याच दिवसांत पापण्या आतून पांढुरक्या पडतात. गोचिडांनी रक्त शोषले, असे आपण म्हणतो. परंतु ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

गोचिडाच्या लाळेतून थायलेरिया नावाचा सूक्ष्म परजीवी जनावराच्या अंगात शिरतो. प्रथम तो पांढऱ्या पेशींत वाढतो व मागाहून तांबड्या पेशींत घर करतो. नवल असे की, परजीवी थोड्याच तांबड्या पेशींत दिसावा आणि रक्त मात्र त्याहून पुष्कळ अधिक घटावे, असे अनेकदा आढळते. सर्रा रोगाचा परजीवी तर तांबड्या पेशीत शिरतच नाही. 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान येथे तो घोडे व उंटांच्या रक्तात शोधून काढला. त्या रोगातही जनावर पांढरे पडते. मग या पेशी मरतात कशाने?

याची कारणे एकाहून अधिक आहेत. त्यांतले एक प्राणवायूत दडलेले आहे. परजीवीशी झुंजताना पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी प्राणवायूची दाहक रूपे सोडतात. शत्रूवर फेकलेला निखारा शेजारच्या छपरावर पडावा, तसे येथे घडते. उघडे राहिलेले तेल जसे खवट होते, तशी तांबड्या पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये बिघडतात. हिमोग्लोबिनमधील लोहही पालटते आणि प्राणवायू वाहण्यास निकामी होते. कॅटलेज, ग्लुटाथायोन ही पेशीची रक्षक द्रव्ये होत; पण आजारात ती अपुरी पडतात. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून तिला नवी प्रथिने घडवता येत नाहीत. ताठर झालेली अशी पेशी प्लीहेच्या अरुंद वाटेत अडकते व तेथील भक्षक पेशी तिला गिळून टाकतात.

यातून गोपालकांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. लघवी लाल नाही, म्हणजे रक्त शाबूत आहे, असे समजू नये. लाल लघवी हे मुख्यतः बबेसिया या दुसऱ्या परजीवीचे लक्षण होय. दुसरे असे की, बुपार्व्हाक्वोनसारखे औषध परजीवीला मारते, परंतु गेलेले रक्त लगेच परत येत नाही. ताप उतरला म्हणून बैलाला त्याच दिवशी जुवाला जुंपू नये. त्याला विश्रांती व सकस चारा द्यावा.

आपली निमाडी गाय या तापाला बरीच तोंड देते. जर्सी वा होल्स्टीनच्या संकरित गाईला मात्र तो अधिक जाचतो. घरातल्या मुलांचे दूध आणि संसाराचा खर्च अशा एका गाईवर चालत असेल, तर ताप दिसताच पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावे. गोठ्याच्या भिंतींतील भेगा लिंपाव्यात, कारण गोचीड तेथेच दडून अंडी घालते. पापण्या पांढऱ्या पडेपर्यंत थांबणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.